एकाच नावाचं गाणं

आधी हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी घोळ घालायला नको. आमच्या नेरमध्ये एलएमएमएस मी आणलं. मी, दीपमाला. रंजितानं नाही.

एलएमएमएस म्हणजे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर. ढोल, बेस, बासरी, भोंगा, शिट्टी, जे म्हणाल ते घरबसल्या वाजवता येतं आणि ते फुकट आहे. फुकट म्हणजे चोरून आणलेलं नाही हं. ज्यांनी बनवलं त्यांनीच सांगितलंय की घ्या, वापरा, दुसऱ्यालाही द्या. माझा चुलतभाऊ संघदीपदादा, ज्याचा पिकअपवरचा डीजे आहे, तो आधी हसला होता. "फुकटात कुठी गाणं बनते काय वं? फुकटात फक्त सल्ला भेटते." मग मी त्याला माझा पहिला बेस ऐकवला. त्याच्या हातातली जिलेबी तोंडाजवळ तशीच राहिली आणि पाक शर्टावर सांडला. त्या शर्टाचा डाग मी अजून अभिमानानं बघते.

लॅपटॉप माझ्या सख्ख्या भावाचा, धम्मदीपचा. तो शिकायला अमरावतीला गेला आणि हा मागे राहिला, कारण याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडतो आणि एम अक्षराचं बटण तुटलंय. मी व्हिडिओ बघून शिकले. व्हिडिओतला मुलगा कुठल्या देशाचा होता कोण जाणे, त्याचं बोलणं ओ की ठो कळायचं नाही. पण त्याचा माउस कुठे जातोय ते दिसायचं ना! तो जिथे जाईल तिथे मी.

आता जरा स्वतःबद्दल. सातवीपर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणायची ते शेजारच्या बाकालाही ऐकू जायचं नाही. मॅडम दोनदा विचारायच्या आणि मग वर्ग हसायचा. आठवीच्या स्नेहसंमेलनात मुलांच्या लेझीमला मी घरी बनवलेला ताल वाजला, आणि दुसऱ्या दिवसापासून मी 'डीजे दीपा' झाले. काय सांगू, नाव अंगाला असं बसलं जसं मापानं शिवलेलं! मी वर्गात हात वर करायला लागले. उत्तर येत नसलं तरी. नववीत तर मी सरांना एकदा म्हटलंसुद्धा, "सर, पुन्हा सांगा, नीट नाही सांगितलं तुम्ही." पूर्ण वर्ग गार. म्हणजे बघा, शाळेत हुशार मुली खूप आहेत, सुंदर आहेत, खो-खोवाल्या आहेत. संगीतवाली एकच होती.

होती.

रंजिता माझ्या बाकावर बसते. दारव्हा रोडला आमच्या गावाबाहेर बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथून सायकलवर येते. शाळा सुटली की माझ्या घरी थांबायची, चहा प्यायची आणि मी काम करत असताना मागे उभी राहून बघायची. एक दिवस म्हणाली, "मले पण शिकव ना." मी लगेच शिकवलं. असं कोणाला शिकवताना आपण किती मोठे वाटतो! सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं आहे, हे मला मनापासून पटलेलं होतं. सगळ्यांमध्ये रंजितासुद्धा येते, हे मी धरलं नव्हतं.

तिची पद्धत बघून मला हसू यायचं. मी एका गाण्यात इतके आवाज घालते की लॅपटॉपला धाप लागते. तिनं फक्त तीन घेतले. एक ढोल, एक काशाची थाळी वाजल्यासारखा आवाज आणि एक माणसाचा गळा. बस. आणि टेम्पो, म्हणजे गाण्याचा वेग, तो तर तिनं बदललासुद्धा नाही! सॉफ्टवेअर उघडल्यावर कोपऱ्यात जो आकडा असतो, तोच ठेवला. मी म्हटलं, "अवं, हा तर कंपनीतून आलेला टेम्पो आहे, आपला आपण ठेवाव लागते." ती म्हणाली, "चांगला तं आहे. कायले बदलू?"

गळा तिच्या आईचा होता. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि रंजिताची याडी म्हणजे हंसाबाई. श्रावणात तांड्यावर तीज असते. लग्न न झालेल्या मुली टोपल्यांमध्ये गहू पेरतात, सगळ्या टोपल्या नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या घरी ठेवतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात आणि कोंब वितभर झाले की शेवटच्या दिवशी नाचत, गात ओढ्यावर नेऊन शिरवतात, म्हणजे पाण्यात सोडतात. ती गाणी मुलींना आधी घरी शिकवतात. हंसाबाई चुलीपाशी बसून रंजिताला शिकवत होत्या, तेव्हा तिनं मोबाइलवर धरलं. मध्ये कुत्रं भुंकलं, ट्रॅक्टर गेला, भाऊ ओरडला. त्यातला एक तुकडा मात्र लख्ख आला. तोच तिनं कापला आणि ढोलावर एकापुढे एक चिकटवत गेली.

*रंजितारी तीज, ऊंची ऊंची तीज.*

गाणं संपेपर्यंत तेच. मला गोरमाटी बोली येत नाही, पण रंजिताचं नाव तर येतं! मी विचारलं, "यात तुहं नाव काहून आहे?"

"असतेच."

"असतेच म्हणजे?"

"याडी म्हणते ना. असतेच ते." आणि चहात टोस्ट बुडवला. विषय संपला.

किती ती हौस! स्वतःच्या गाण्यात स्वतःचं नाव! मी इतकी गाणी केली, एकातही माझं नाव घातलं नाही. (ती गेल्यावर मी घालून बघितलं. माझ्या आवाजात 'डीजे दीपा', मागे घुमणारा नाद लावून. एसटी स्टँडवर गाडी लागल्याची सूचना द्यावी तसं वाटलं. पुसून टाकलं.)

आणि मग ते झालं. संघदीपदादा माझं नवीन गाणं न्यायला आला होता. माझं! रंजिताची फाइल तिथेच उघडी होती. त्यानं ऐकली आणि या वेळी हातात जिलेबीसुद्धा नव्हती तरी तोंड उघडंच. "हे कोणी केलं?"

"रंजितानं," मी म्हटलं. "शिकून राह्यली अजून."

"मंग शिकवू नको जास्त," तो म्हणाला. "बिघडन."

त्यानं ते एका बारशाला वाजवलं. तिथल्या कोणीतरी नाचतानाचा व्हिडिओ टाकला. मग काय, आठवडा संपायच्या आत अर्ध्या नेरच्या स्टेटसला रंजितारी तीज. चक्कीवाल्याच्या मोबाइलची रिंगटोन रंजितारी तीज. मधल्या सुट्टीत मुलं नळावर पाणी पिताना, ज्यांना त्या शब्दाचा अर्थही माहीत नाही ती, रंजितारी, रंजितारी. मॅडमनं तिला वर्गात उभं केलं आणि म्हणाल्या, "आपल्या शाळेच्या नवीन संगीतकार." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझे हात एकमेकांवर आपटत होते, त्याला टाळ्या म्हणत असतील तर.

ती उभी राहून काय म्हणाली माहीत आहे? "मले दीपानं शिकवलं." असं गोड बोलून! म्हणजे मला धड रागही करता येऊ नये!

घरी आले तर आई डाळ निवडत होती. आईचं नाव सत्यभामा आणि तिला माझ्या पाठीवरूनसुद्धा माझं तोंड दिसतं.

"तोंड काहून कारल्यासारखं केलं?"

"काही नाही."

"रंजिताचं गाणं त्या भाजीवालीच्या मोबाइलमधी पण आलं म्हणते. चांगलं झालं पोरीचं."

"झालं."

"मंग?"

"माह्या लॅपटॉपवर झालं ते!"

"मंग तं तुलेच पुण्य."

"पुण्य नको मले."

"मंग काय पाह्यजे?"

आता आईला काय सांगणार. मी आत जाऊन लॅपटॉप उघडला आणि तिची फाइल ऐकली. पुन्हा ऐकली. कुठेतरी चूक असणारच. आणि सापडली! थाळीचा ठोका ढोलाच्या किंचित मागे पडत होता. मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारणार होते. मी तो ठोका ओढून बरोबर जागेवर बसवला आणि ऐकलं.

वाईट वाटत होतं. मेलं, सरळ केल्यावर वाईट वाटत होतं! मी ठोका परत मागे ढकलला आणि लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की पंखासुद्धा दचकून थांबला.

त्यानंतर मी माझं गाणं करायला बसले. शाळेतून आल्या आल्या, जेवताना, आई ओरडेपर्यंत. जे जे येत होतं ते सगळं त्यात घातलं. नाव ठेवलं 'नेर रिटर्न'. मध्ये सगळं थांबतं आणि मग बेस असा पडतो की घरातली भांडी वाजतात. संघदीपदादानं ऐकलं आणि मान हलवली. "दमदार आहे."

"वाजवशील?"

"तांड्यावर तीजेचं काम भेटलं. नायक बाबूसिंग म्हणते, आपल्या पोरीचं गाणं आपल्या तीजेत वाजलं पाह्यजे. रंजिताचं झालं का मंग तुहं लावतो. पेनड्राइव्ह आणजो."

रंजिताचं झालं का मग. ठीक. मग तर मग. शाळेचा स्पीकर म्हणजे डबा आहे, दादाचे बॉक्स म्हणजे छातीच्या आत कोणी उडी मारल्यासारखं. त्या बॉक्सवर माझं गाणं एकदा पडू दे, एवढंच मला हवं होतं. एकदा पडलं की लोकांना आपोआप कळणार की संगीतवाली कोण. रंजितानंही आवर्जून सांगितलं, "लॅपटॉप घेऊन येजो वं. दादाचा पेनड्राइव्ह कधी कधी अटकते."

बघा, तिथेही तिला माझाच लॅपटॉप.

तीजेच्या दिवशी दुपारी आम्ही पिकअपमधून तांड्यावर गेलो. नायकाच्या अंगणात मांडव होता. मुली रंगीत घागरे घालून, आरसे लावलेल्या ओढण्या घेऊन उभ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर गव्हाच्या पोपटी कोंबांची टोपली. वारा आला की सगळे कोंब एकाच बाजूला झुकायचे. मी जीन्स घालून, लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरून उभी. मला तर टोपलीचाही हेवा वाटायला लागला. बाजेवर रुपीबाई बसल्या होत्या. तांड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या, हातभर पांढऱ्या बांगड्या, पायात जाड चांदी. तीजेचं गाणं दरवर्षी त्याच उचलतात. या वर्षी त्यांना 'तुम्ही बसा, मशीन म्हणते' असं सांगितलं होतं आणि त्या तशाच बसल्या होत्या, जशी माझी आई लग्नात जेवणाची पंगत उशिरा लागली की बसते.

संघदीपदादानं बटण दाबलं.

*रंजितारी तीज, ऊंची ऊंची तीज.*

काय वाजलं! खोटं नाही लिहिणार, काय वाजलं! हंसाबाईंचा चुलीपाशी धरलेला आवाज पूर्ण अंगणावर पसरला. मुलींनी फेर धरला. बायांनी टाळ्या धरल्या. रंजिता मधोमध, डोक्यावर टोपली, हसून हसून गाल दुखले असतील तिचे. मी खिशातला पेनड्राइव्ह दाबून धरला.

*रंजितारी तीज.*

दुसऱ्यांदा तेच आलं तेव्हा काही मुलींनी एकमेकींकडे बघितलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा एक उंच मुलगी फेरातच थांबली. मागची तिच्यावर आपटली. चौथ्यांदा आलं तेव्हा उंच मुलगी ओरडली, "मार नाम कत छ?"

एवढं मलाही कळलं. माझं नाव कुठे आहे?

मग दुसरी ओरडली. तिसरीनं टोपली खाली ठेवली. वरून बॉक्स आपले मजेत, रंजितारी, रंजितारी, रंजितारी. एक छोटी मुलगी, नवीन घागरा पायात अडकत होता तिच्या, ती तर भोकाड पसरून रडायला लागली. भांडण गोरमाटीत चाललं होतं, पण एक पोरगी मुद्दाम आम्हाला कळावं म्हणून आमच्या बोलीत म्हणाली, "हिची एकटीचीच तीज आहे तं आम्ही काय इथी हिच्या गव्हाले पाणी घालाले आलतो?"

मी हंसाबाईंच्या जवळ सरकले. "काकी, काय झालं?"

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अवं, या गाण्यात एकेका पोरीचं नाव घ्या लागते. एक कडवं झालं का दुसरीचं नाव. जिची टोपली तिचं नाव. ज्या पोरीचं नाव राह्यलं, तिची तीज गायलीच नाही असं होते. मी घरी शिकवत होती तं माह्या पोरीचं नाव घेतलं. घरी कोणाचं घेऊ? सगळ्याच याड्या घरी आपल्या पोरीचं घेतात." मग रंजिताकडे बघून, "या बयेनं तेवढंच कापलं आणि तेच घोटत बसली! मोबाइलवर तेवढाच तुकडा ऐकला, आम्हाले वाटलं पुढे बाकीच्यांची नावं असतीन!"

म्हणजे हौस वगैरे काही नव्हती. असतेच ते, म्हणाली होती, ते खरंच असतंच. आणि तिला तर जन्मापासून माहीत होतं की नावं बदलतात. पण लॅपटॉपवर तिला ते नाव वाटलंच नव्हतं. लॅपटॉपवर तो एक स्वच्छ तुकडा होता, कुत्रं न भुंकलेला, आणि स्वच्छ तुकडा सापडला की माणूस चिकटवत जातं. मीही तेच केलं असतं. पण मी केलं नव्हतं! तिनं केलं होतं! मला आतून अशा गुदगुल्या झाल्या की मला ओठ चावावे लागले.

नायक बाबूसिंग पुढे आले आणि दादाला म्हणाले, "बंद करा ते. डफ आणा रे कोणी." रुपीबाई बाजेवरून उठल्या नाहीत. "आता कायले? मशीनलेच सांगा ना गाणं म्हणाले." रंजिता मधोमध एकटी उभी होती. टोपली अजून डोक्यावर, दोन्ही हातांनी धरलेली, त्यामुळे तिला डोळेही पुसता येत नव्हते.

संघदीपदादा पिकअपवरून वाकला. "दीपे, दे तुहा पेनड्राइव्ह. सगळं थंडं होऊन राह्यलं."

मी दिला. का नाही देणार?

आणि 'नेर रिटर्न' वाजलं. माझं. बॉक्सवर. सगळं थांबतं ती जागा आली, आणि मग बेस पडला, आणि मांडवाचे बांबू हलले, आणि छातीच्या आत कोणीतरी उडी मारली. मी डोळे मिटून घेतले. आता उघडले की सगळे माझ्याकडे बघत असतील.

उघडले. तीन-चार बारकी पोट्टी उड्या मारत होती. बांधलेली शेळी दोरी ताणून लांब गेली होती. आणि बाकी सगळा तांडा तसाच भांडत होता. माझं गाणं वाजत होतं आणि त्याच्यावर, त्याच्याहून मोठ्यानं, रंजिताच्या गाण्याचं भांडण चालू होतं! ती उंच मुलगी, ती रडणारी छोटी, सगळ्या त्या गाण्यात स्वतःचं नाव मागत होत्या. माझ्या गाण्यात कोणाचंच नाव नव्हतं. आणि कोणाला त्याचं काही म्हणजे काहीच वाटत नव्हतं.

आजवर जे झालं ते एका बाजूला, पण हे मला सहन झालं नाही. तिचं गाजलं तेव्हा जळले, ठीक आहे. आता तिचं फसलं, तरी मी जळू? असं कसं चालेल? आपल्या गाण्यावरून कोणी एवढं भांडेल, रडेल, टोपली आपटेल, असं माझं एकही गाणं नव्हतं आणि तिनं पहिल्याच फटक्यात केलं होतं. मला त्या भांडणात शिरायचं होतं. बाहेर, पिकअपजवळ, माझ्या दमदार बेससोबत, मला एक क्षणही उभं राहायचं नव्हतं.

मी वर चढले आणि पेनड्राइव्ह उपसला.

"अवं! मस्त चालू होतं!" दादा ओरडला.

"नव्हतं चालू. वायर दे."

लॅपटॉप मी पिकअपच्या फाळक्यावर ठेवला. पंखा बोंबलायला लागला. रंजिताची फाइल उघडली, हंसाबाईंच्या आवाजाच्या ओळीपुढचा हिरवा दिवा बंद केला. उरले फक्त ढोल आणि थाळी. रंजिता टोपली घेऊनच धावत आली.

"काय करून राह्यली?"

"तुह्या याडीचा आवाज बंद केला. रुपीबाई म्हणतीन आता. सगळ्यांची नावं."

"नाही जमत ते! ढोल आपला पळत राहते. रुपीबाई नाव आठवाले मधात थांबते. आणि शेवटी शेवटी तं त्या असं पळवतात का पाय नाई पुरत. तुहा ढोल एकाच चालीनं जाते."

"माहा नाही, तुहा ढोल. म्हणून म्हटलं होतं ना, टेम्पो आपला आपण ठेवाव लागते!" हे म्हणताना मला किती बरं वाटलं ते मी लिहून दाखवू शकत नाही. "कोपऱ्यातला आकडा मी हातानं कमी-जास्त करतो. रेकॉर्ड केलेला गळा असा ताणला जात नाही, ढोल जाते. तू फक्त रुपीबाईले उठव."

ती गेली. रुपीबाईंनी आधी नाही म्हणून मान हलवली. मग त्या स्वतःच बांगड्या वाजवत पिकअपजवळ आल्या आणि माझ्याकडे वरून खाली बघितलं.

"मी डब्याच्या मागं नाई जात, सांगून ठेवतो."

"तुम्ही नका जाऊ, आजी," मी म्हटलं. "डबा तुमच्या मागं येते. तुम्ही कशाही म्हणा."

"कशाही?"

"कशाही."

त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते बघून मला वाटलं, दीपे, आता ही बाई तुला पळवते.

मी आकडा खाली ओढला, ढोल हळू झाला. रुपीबाईंनी पहिलं नाव घेतलं. त्या उंच मुलीचं. ती इतकी खूष झाली की उलट्या बाजूनं फिरायला लागली. मग दुसरं नाव. मग रुपीबाई थांबल्या, बहुतेक आठवत होत्या, मी ढोल दाबून धरला. आठवलं, सोडला. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हते. त्यांचा चांदीवाला उजवा पाय बघत होते, आणि तो पाय जसा पडेल तसा आकडा वर, खाली. कधी पाय पुढे, कधी मी पुढे. एकदा माझं चुकलं, ढोल पळाला, तर त्यांनी गाता गाता माझ्याकडे असं बघितलं जसं आपल्या शेतात शिरलेल्या दुसऱ्याच्या बैलाकडे बघतात. पुढे नाही चुकले. त्या छोट्या मुलीचं नाव आलं तेव्हा तिनं रडणं थांबवून नाक ओढणीला पुसलं आणि फेरात घुसली.

मधेच कधीतरी रंजिताचं नाव आलं. मी कान देऊन ऐकत होते, जास्त लांबवतात का, गोड करून म्हणतात का. नाही. सगळ्यांएवढंच. आलं आणि गेलं. बरं झालं.

मग वेग वाढायला लागला. पाय पळायला लागला. मी आकडा वर, अजून वर. लॅपटॉप तापला, माझ्या कपाळावरून घाम थेट त्या नसलेल्या एम बटणाच्या खड्ड्यात. मला तांडा दिसत नव्हता, रंजिता दिसत नव्हती, पेनड्राइव्ह कुठे ठेवला ते आठवत नव्हतं. फक्त आकडा आणि ढोल, आणि माझं बोट त्या दोघांच्या मध्ये. नंतर कळलं की नावं केव्हाच संपली होती. सगळ्या मुलींची झाली होती. बाया धापा टाकत होत्या, मुलींच्या टोपल्या तिरप्या झाल्या होत्या, आणि रुपीबाई हातानं बस, बस करत होत्या. पण मी खाली मान घालून ढोल पळवतच होते. ढोल थांबल्याशिवाय त्या कशा थांबणार, आणि त्या थांबल्याशिवाय मी कशी थांबणार? दादा हाक मारत होता म्हणे. बॉक्सपुढे हाक काय ऐकू येते!

तेव्हा रुपीबाईंनी हंसाबाईंना माझं नाव विचारलं, आणि मोठ्यानं उचललं:

*दीपारी तीज, ऊंची ऊंची तीज!*

मला ऐकू आलं नाही. मी ढोल पळवतेच आहे.

त्यांनी पुन्हा, पिकअपच्या अगदी जवळ येऊन, माझ्या कानाशी:

*दीपारी तीज!*

मी मान वर केली. अख्खा तांडा माझ्याकडे बघून हसत होता. बोट सुटलं, ढोल बंद. रुपीबाई फाळक्याला धरून वाकल्या, दम खात. "ऐकलं एकदाचं! काय वं पोरी, टोपली नाही, गहू नाही, आणि मले मारून टाकतं काय?"

मग सगळे ओढ्यावर गेले. मुलींनी टोपल्या शिरवल्या, रडल्या, कोंब तोडून मोठ्या माणसांच्या पागोट्यांत, भावांच्या खिशांत खोचले. कोणीतरी पिकअपच्या आरशालाही खोचले. माझ्या लॅपटॉपच्या पिशवीत त्या छोटीनं खोचले, चेनमध्ये अडकले, अजून तिथेच आहेत.

निघताना रंजिता पिकअपजवळ आली. फाळक्याला टेकून उभी राहिली. मला वाटलं, आभार मानायचे असतील, सुचत नसेल. मी उदारपणे वाट बघितली.

"काय झालं?" शेवटी मीच म्हटलं.

"काही नाही."

"तोंड काहून कारल्यासारखं केलं मंग?"

ती पायानं माती उकरत राहिली. मग एकदम, "तुहं नाव दोनदा घेतलं."

"मले ऐकू नाही आलं म्हणून घेतलं ना."

"ते काही असो. दोनदा घेतलं. कोणाचंच दोनदा नाही घेतलं आजपर्यंत. माहं पण नाही. आणि तुही तं टोपली पण नव्हती!"

मी तिच्याकडे बघितलं. ओळखीचं होतं ते तोंड. कितीतरी दिवस मी आरशात तेच बघत होते. काय सांगू, माझ्या अंगावरून थंडगार वारा गेला. 'दमदार' म्हटल्यावर जे वाटलं नव्हतं, टाळ्यांनी जे वाटलं नव्हतं, ते रंजिताच्या त्या वाकड्या तोंडानं वाटलं.

"दादानं मोबाइलवर सगळं धरलं आहे," मी म्हटलं. "दुसऱ्यांदा घेतलं ते तं एकदम स्वच्छ आलं."

तिची मान झटकन वर झाली. "मले दे. मी बनवतो त्याचं."

"मी बनवणार."

"ढोल माहा आहे!"

"लॅपटॉप माहा आहे!"

"रुपीबाई माह्या तांड्याच्या आहेत!"

"नाव माहं आहे!"

संघदीपदादानं गाडी चालू केली आणि म्हणाला, दोघींना ओढ्यात शिरवतो. रंजिता थोडं अंतर पिकअपच्या बाजूनं पळत आली आणि ओरडली, "उद्या शाळा सुटली का येतो! माह्याशिवाय कापजो नको!"

येईलच ती. चहा-टोस्ट खाईल आणि ढोलाच्या किंचित मागे थाळी पाडून दाखवेल, ते मला अजून जमत नाही, लिहून टाकते एकदाचं. या वेळी सगळ्या मुलींची नावं येतील, एकही सुटणार नाही, हे आमचं दोघींचं ठरलेलंच आहे. पण टेम्पो मी ठरवणार. आणि माझं नाव दोनदा येणार. जसं झालं तसं ठेवायला नको का?

तिचं एकदाच.